कुंभार्ली घाटात मागे सरकलेली गाडी : एका छोट्या एसयूव्हीचे प्रकरण

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी चिपळूणहून चार माणसे आणि आंब्याच्या पेट्या घेऊन कराडकडे निघालेली एक छोटी एसयूव्ही कुंभार्ली घाटाच्या एका वळणावर, इंजिन चालू असताना आणि गिअर ‘डी’ म्हणजे ड्राइव्हमध्ये असताना, ओढ गमावून मागे सरकली. पुढे अवजड ट्रकांची रांग होती, मागे एसटी होती. चालकाने ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि एसटीच्या चालकाने अंतर राखलेले असल्याने टक्कर झाली नाही. मीटरच्या पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली होती. काही मिनिटांनी ओढ परत आल्यावर गाडी कडेला घेतली गेली. गिअर ‘पी’ म्हणजे पार्कमध्ये टाकून आणि इंजिन चालू ठेवून ती निवू दिली गेली, आणि मग वर हेळवाककडे जाण्याऐवजी पोफळीच्या बाजूने खाली परत आणली गेली.

या प्रसंगात कोणाला खरचटलेही नाही. तरीही तो तपशिलाने मांडण्याजोगा आहे, कारण त्याआधीच्या काही महिन्यांत हीच गाडी दोन वेगवेगळ्या तक्रारींसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन आली होती. दोन्ही वेळा जॉब कार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरचा कामाचा नोंदीकागद, ‘काम पूर्ण’ म्हणून बंद झाले होते, आणि त्या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल काय, हा प्रश्न घाटातल्या प्रसंगापर्यंत कोणीही विचारला नव्हता. मालक, विक्रेता, सर्व्हिस सेंटर आणि कंपनी यांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत. हा दोष ज्या रचनेतून येतो ती रचना एकाच कंपनीची नाही, त्यामुळे नावाने वाचकाला फारसे काही कळणारही नाही.

गाडी आणि तिचा वापर

मालक गुहागर तालुक्यातील आंबा-काजूचे बागायतदार आहेत. घराच्या मागील बाजूस पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. गाडी एक लिटर, तीन सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची आणि सात गिअरच्या ‘ड्राय’ ड्युअल क्लच स्वयंचलित गिअरबॉक्सची आहे. असे इंजिन छोट्या एसयूव्हीत का येते, याचे उत्तर अभियांत्रिकीत शोधण्याआधी करात शोधावे लागते. २००६ पासून ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या गाड्यांना, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आणि डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत असेल तर, कमी कर लागत आला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटी रचनेतही हीच हद्द कायम राहिली असून तिच्या आतल्या गाडीला १८ टक्के आणि बाहेरच्या गाडीला ४० टक्के कर आहे. त्यामुळे उंच, जड आणि सुविधांनी भरलेली गाडी छोट्या इंजिनाला टर्बो, म्हणजे आत जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा, जोडून ओढवली जाते. मोकळ्या रस्त्यावर ही जोडी उत्तम चालते. गोगलगायीच्या गतीने चढ चढण्याची वेळ आली की तिची मर्यादा दिसू लागते, कारण मिनिटाला साधारण दीड हजार फेऱ्यांच्या खाली टर्बोचा दाब तयार झालेला नसतो आणि एक लिटरचे इंजिन त्या क्षणी केवळ एक लिटरचेच असते.

गाडी निवडताना मालकांनी सुरक्षा चाचणीतील तारे पाहिले होते आणि ते योग्यच होते. ‘भारत एनकॅप’ ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तिच्यात ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून एका बाजूस धडक, ताशी ५० किलोमीटरने बाजूची धडक आणि ताशी २९ किलोमीटरने खांबावरची धडक तपासली जाते, आणि तीन किंवा अधिक तारे मिळण्यासाठी गाडीत इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण म्हणजे ईएससी असणे आवश्यक असते. मात्र ही चाचणी नव्या गाडीची आहे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ईएससीचा पिवळा दिवा लागलेल्या गाडीला किती तारे द्यावेत, हे ती सांगत नाही आणि सांगणे तिचे कामही नाही.

वापराचा आणखी एक तपशील पुढे महत्त्वाचा ठरला. मालकांच्या पत्नीचे माहेर दापोली तालुक्यात असल्याने धोपावे–दाभोळ फेरीबोटीने खाडी ओलांडणे हे या घराचे नेहमीचे आहे. भरतीच्या वेळी जेटीच्या उताराचा खालचा भाग पाण्यात असतो, बोटीचे फळीदार तोंड त्यावर टेकते, आणि चाके त्या खाऱ्या पाण्यातून जाऊनच गाडी चढते किंवा उतरते. पाणी फार तर टायरच्या कडेपर्यंत येते. पण चाकाच्या आतल्या बाजूला, हबपाशी, जे काही बसवलेले असते त्यावर ते प्रत्येक वेळी उडते. घरी आल्यावर गाडी धुतली जाते ती वरून. खालून कोण धुतो?

दोन तक्रारी, दोन जॉब कार्डे

पहिली तक्रार पावसाळा संपल्यानंतरची. एबीएस (जोराच्या ब्रेकने चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि ईएससी हे दोन दिवे अधूनमधून एकदम लागत, गाडी बंद करून पुन्हा चालू केली की कधी विझत, कधी विझत नसत. सर्व्हिस सेंटर रत्नागिरीत आहे. गुहागर तालुक्यातून चिपळूणमार्गे रत्नागिरी गाठणे म्हणजे सव्वाशे किलोमीटरहून अधिक प्रवास, एक दिवस आणि एक सोबत. तिथे स्कॅनर लावला गेला, पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरचा कोड (दोषाची सांकेतिक नोंद) निघाला, तो पुसला गेला आणि दिवा विझला. जॉब कार्डावर नोंद झाली ती इतकीच: वॉर्निंग लॅम्प, स्कॅन करून क्लिअर केले. कोड कोणता होता, तो किती किलोमीटरला नोंदला गेला होता, सेन्सरची जोडणी उघडून पाहिली की नाही, यांपैकी एकही गोष्ट कार्डावर नाही. परतीच्या वाटेवरच दिवा पुन्हा लागला. पण ‘ब्रेक तर लागतो आहे’ या समाधानावर मालक पुढचे काही महिने राहिले. त्यांना दोष देता येत नाही. सर्व्हिस ॲडव्हायजरने त्यांना नेमके हेच सांगितले होते, आणि ते अर्धे खरेही होते, कारण एका चाकाचा सेन्सर गेल्यावर एबीएस व ईएससी बंद पडतात, पण साधा ब्रेक चालू राहतो.

दुसरी तक्रार एप्रिलमधली. चढावर गाडी सुटताना थरथरू लागली, आणि एकदा परशुराम घाटातील वाहतूक कोंडीत गिअरबॉक्स तापल्याची सूचना येऊन गेली. पुन्हा रत्नागिरी. तंत्रज्ञाने गाडी हातखंब्यापर्यंत नेऊन आणली, सूचना आली नाही, थरथर जाणवली नाही, आणि कार्डावर लिहिले गेले की तपासणीत दोष आढळला नाही व ग्राहकास चालवण्याच्या सवयीबाबत मार्गदर्शन केले. येथे थोडे थांबायला हवे. ही चाचणी खोटी नव्हती. सकाळी, एकटा चालक, रिकामी गाडी, न थांबता जाणारा रस्ता: या स्थितीत तो दोष येणारच नव्हता. ज्या स्थितीत दोष येतो ती स्थिती निर्माण न करता केलेल्या चाचणीतून ‘त्या स्थितीत दोष आला नाही’ एवढेच सिद्ध होते. कार्डावर मात्र स्थितीचा उल्लेख गळतो आणि ‘दोष आढळला नाही’ हे सर्वकाळचे विधान उरते, जे पुढे वॉरंटीच्या वादात कंपनीच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरले जाते. या प्रकरणातही ते तसेच वापरले गेले.

शृंगारतळीचा प्रश्न

घाटातील प्रसंगानंतर मालकांनी गाडी आधी रत्नागिरीला नेली नाही. गुहागर तालुक्यातल्याच शृंगारतळीला गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा एक ओळखीचा तरुण आहे, त्याला ती दाखवली. त्याने गिअरबॉक्सविषयी काहीच विचारले नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘काका, दिवा आधी कुठला लागला?’

मालकांना आठवून सांगावे लागले की एबीएस-ईएससीचा दिवा तर सकाळी घरापासूनच लागलेला होता. त्या तरुणाने पुढचे डावे चाक वळवून घेतले, टॉर्च मारला, आणि हबपासून निघणाऱ्या वायरच्या जोडणीचे फोटो काढले. जोडणीच्या रबरी सीलच्या कडेने हिरवट-पांढरा थर बाहेर आलेला दिसत होता. तांब्याच्या टर्मिनलवर खारे पाणी मुरले की असाच थर धरतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर घरगुती मोटारपंपाच्या पेटीतही तो पाहायला मिळतो. विशेष म्हणजे त्याने जोडणी उघडली नाही. वॉरंटीतली गाडी आहे, मी हात लावला तर तेच कारण सांगतील, तुम्ही त्यांच्यासमोर त्यांच्याच माणसाकडून उघडून घ्या, असे त्याने सांगितले. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत व्यावसायिक सल्ला हाच होता, आणि तो फुकट मिळाला.

सेन्सरपासून क्लचपर्यंत

चाकाचा वेग-सेन्सर आणि गिअरबॉक्सचा क्लच हे गाडीतले एकमेकांपासून दूरचे भाग आहेत, म्हणूनच दोन तक्रारी दोन कार्डांवर गेल्या. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे चढावर गाडी धरून ठेवणारी ‘हिल होल्ड’ सुविधा. चढावर थांबलेल्या गाडीचा ब्रेक सोडल्यानंतर साधारण दोन सेकंद ब्रेकचा दाब धरून ठेवण्याचे काम ईएससीची यंत्रणाच करते. सेन्सर गेला की ईएससी बंद होते आणि तिच्यासोबत हिल होल्डही जाते. मीटरवर हे स्वतंत्रपणे ठळक दिसतेच असे नाही. चालकाला फक्त एवढे जाणवते की पूर्वी न सरकणारी गाडी आता ब्रेक सोडताच किंचित मागे येते.

अशा वेळी माणूस काय करतो? उजवा पाय ब्रेकवरून उचलून घाईने ॲक्सिलरेटरवर टाकतो, आणि दोन-तीन वेळा असे झाल्यावर रांग पुढे सरकेपर्यंत गाडी ॲक्सिलरेटरच्या हलक्या दाबावरच चढावर तोलून धरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या धाटणीच्या स्वयंचलित गाडीत हे काही काळ चालून जाते, कारण तिथे इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असते आणि त्या तेलाला थंड करण्याची सोय असते. ‘वेट’ ड्युअल क्लचमध्येही क्लचच्या चकत्या तेलात असतात. ‘ड्राय’ ड्युअल क्लचमध्ये मात्र दोन कोरडे क्लच असतात, एक विषम गिअरांसाठी आणि एक सम व रिव्हर्ससाठी, आणि त्यांची उष्णता आजूबाजूच्या हवेतच जायची असते. गाडी पहिल्या गिअरमध्ये निष्क्रिय फेऱ्यांवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ज्या वेगाने चालते त्याहून कमी वेगाने सरकवायची असेल तर क्लच अर्धवट घसरत ठेवण्यावाचून गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला गत्यंतर नसते.

ही उष्णता किती, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. दीड टनाची गाडी १५ मीटरला १ मीटर अशा चढावर धरून ठेवायला चाकांवर सुमारे एक हजार न्यूटन बल लागते. पहिल्या गिअरच्या एकूण गुणोत्तरातून ते क्लचवर वीस-एकवीस न्यूटन-मीटर होते. इंजिन मिनिटाला बाराशे फेऱ्यांवर आणि गाडी जागच्या जागी असेल तर ही सगळी घसरण अडीच किलोवॉटच्या घरातली उष्णता निर्माण करते, आणि वळणावर चढ अधिक तीव्र झाला की ती चार किलोवॉटपर्यंत जाते. म्हणजे न्हाणीघरातले एक-दोन गीझर त्या छोट्याशा बंद घरात सतत चालू ठेवल्यासारखे होते. याउलट ब्रेक पूर्ण दाबून उभे राहिले की कॉम्प्युटर क्लच सोडून देतो आणि उष्णता जवळजवळ शून्यावर येते.

बहुतेक रचनांत क्लचचे तापमान प्रत्यक्ष मोजण्याऐवजी घसरणीच्या हिशेबावरून काढले जाते. मर्यादा जवळ आली की आधी गाडी थरथरते, मग सूचना येते, आणि तरीही भार चालू राहिला तर क्लच जळू नये म्हणून ओढ तोडली जाते. यंत्राच्या दृष्टीने हा बचाव आहे. घाटाच्या वळणावर, मागे एसटी असताना, तोच बचाव माणसाच्या दृष्टीने धोका होतो. गिअरबॉक्स वाचवण्याचा निर्णय आणि गाडी मागे न सरकू देण्याचा निर्णय हे दोन वेगळ्या यंत्रणांनी घ्यायचे असतात. त्यातली दुसरी यंत्रणा आधीच बंद पडलेली होती आणि पहिलीला ते विचारात घ्यायला कोणी शिकवले नव्हते, किंवा शिकवले असले तरी त्याचा परिणाम रस्त्यावर दिसला नाही.

येथे एक शंका रास्त आहे. सेन्सर धड असता तर क्लच तापला नसता काय? काही प्रमाणात तापलाच असता. मे महिन्याची दुपार, एसी चालू, भरलेली गाडी आणि रेंगाळणारी रांग एवढे कारण ड्राय क्लचला पुरेसे असते, आणि परशुराम घाटात सूचना आली त्या दिवशी ईएससीचा दिवा लागलेला होता की नाही हे मालकांना खात्रीने सांगता येत नाही. म्हणून ‘सेन्सरमुळेच क्लच गेला’ असे म्हणणे अतिरेकाचे ठरेल. सेन्सरच्या दोषाने चालकाची सवय बदलली, बदललेल्या सवयीने क्लचवरचा भार वाढला, आणि ओढ तुटल्यावर गाडी धरून ठेवणारे कोणी उरले नाही, एवढे म्हणणे उपलब्ध पुराव्यात बसते.

कागद आणि वजनकाटा

रत्नागिरीला गाडी पुन्हा गेली तेव्हा क्लच संच बदलावा लागेल, तो झिजणारा भाग असल्याने वॉरंटीत बसणार नाही, शिवाय गाडीत जास्त भार होता, असे तोंडी सांगण्यात आले. मालकांनी पाठवलेल्या पहिल्या पत्राने त्यांचेच नुकसान केले. त्यात घाटातल्या प्रसंगासोबत पडदा अधूनमधून गोठणे, मागच्या दाराची खडखड, एसीचा वास अशा सगळ्या तक्रारी एकाखाली एक होत्या, आणि कंपनीचे उत्तरही तसेच आले: पडद्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले, दाराचे रबर बदलले, बाकी बाबतीत ग्राहकास समजावून सांगितले. पडदा गोठणे त्रासाचे आहे. मागचा कॅमेरा त्यावरच दिसत असल्याने ते अगदीच निरुपद्रवीही नाही. पण धोका आणि त्रास एकाच यादीत घातले की समोरचा माणूस त्रास निवडतो.

दुसरे पत्र मालकांच्या मुंबईला नोकरी करणाऱ्या पुतण्याने लिहिले आणि पोचपावतीच्या टपालाने पाठवले. त्यात दोनच मुद्दे होते, पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर आणि चढावर ओढ तुटून गाडी मागे सरकणे, आणि तीन मागण्या होत्या. सेन्सरची जोडणी मालकांसमोर उघडून तिचे फोटो जॉब कार्डाला जोडावेत. सर्व कोडांची, ते नोंदले गेले तेव्हाच्या किलोमीटरसह, छापील प्रत मिळावी. आणि रस्त्यावरची चाचणी कुंभार्ली घाटात, तेवढ्याच भाराने, मालक सोबत असताना व्हावी.

भाराचा मुद्दा पुतण्याने पत्र जाण्याआधीच निकालात काढला. तीच चार माणसे आणि तेवढ्याच वजनाच्या पेट्या घेऊन गाडी चिपळूणजवळच्या एका सार्वजनिक वजनकाट्यावर उभी केली आणि पावती घेतली. एकूण वजन माहितीपुस्तिकेतील कमाल मर्यादेच्या आत भरले. ‘गाडी ओव्हरलोड होती’ हा आरोप तोंडी करणे सोपे असते आणि खोडून काढणे त्याहून सोपे असते. तरी काट्यावर जाणारे ग्राहक विरळाच.

जोडणी उघडली गेली तेव्हा आतल्या दोन टर्मिनलांपैकी एकावर गंज होता आणि सीलची कड दुमडून बसलेली होती. ही कड कारखान्यात दुमडली, पहिल्या वेळी सर्व्हिस सेंटरमध्ये कोणीतरी जोडणी काढून घातली तेव्हा दुमडली, की आणखी कशाने, हे आता सिद्ध करता येणार नाही; पहिल्या कार्डावर जोडणी उघडल्याची नोंदच नाही. छापील कोडांत मात्र क्रम स्पष्ट होता. वेग-सेन्सरचा कोड क्लचच्या तापमानाच्या कोडाआधी, कमी किलोमीटरला, पुन्हा नोंदला गेलेला होता. शृंगारतळीच्या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्याच यंत्रातून कागदावर आले.

घाटातली संयुक्त चाचणी झाली नाही. तिच्याऐवजी तोडग्याचा प्रस्ताव आला.

कायद्याच्या वाटा

पुतण्याने रत्नागिरीतील एका वकिलांचा सल्ला घेतला, तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या आधारे. या कायद्यानुसार तक्रार ग्राहक जिथे राहतो वा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे करता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी रत्नागिरीचा जिल्हा आयोग चालतो. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाचे, आणि १० ते २० लाखांच्या टप्प्यात शुल्क ४०० रुपये. कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. तपासणीवाचून दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. हा मार्ग खर्चाने स्वस्त आणि वेळेने महाग आहे, आणि हे वकिलांनी न लपवता सांगितले.

त्यांनी काढलेली खरी अडचण वेगळीच होती. व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापर असेल तर त्याला अपवाद आहे. आंब्याच्या पेट्या घरच्या बागेतल्या, त्यामुळे तिथे फारशी अडचण नव्हती. पण खोल्यांच्या जाहिरातीत ‘चिपळूण स्थानकावरून आणण्याची सोय’ अशी ओळ होती. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीने भाडे घेऊन पर्यटक आणणे परवान्याच्या नियमात बसत नाही, आणि विरुद्ध पक्षाच्या हाती ही ओळ लागली तर चर्चा सेन्सरवरून पाटीच्या रंगावर जाईल. मालकांचे म्हणणे असे की त्याचे वेगळे पैसे ते घेत नाहीत. ते खरे असेलही. कोकणात घरगुती निवास चालवणाऱ्या शेकडो कुटुंबांची हीच स्थिती आहे, आणि गाडीच्या दोषाच्या भांडणात ती आडवी येऊ शकते याची बहुतेकांना कल्पना नाही.

दुसरी वाट मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० अ ची. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना इजा पोहोचवू शकणारा दोष असल्यास केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी त्यासाठी सात वर्षांच्या आतील गाड्यांच्या तक्रारी नोंदवण्याची व्यवस्था केली असून, किती तक्रारी झाल्यावर चौकशी सुरू व्हावी हे वाहनप्रकार आणि वार्षिक विक्री यांवर ठरते. मालकांनी तिथे तक्रार नोंदवली. मात्र या यंत्रणेकडून अशा प्रकरणात फार अपेक्षा ठेवू नये, असे माझे मत आहे. परतबोलावणी सुरळीत होते ती दोष एखाद्या तुकडीशी बांधलेला असतो तेव्हा. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, त्यात ब्रेझा ही छोटी एसयूव्हीही होती. ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या गाड्या एवढी नेमकी ओळख तिथे उपलब्ध होती. खाऱ्या पाण्यात सील हरणे आणि चढावर क्लच तापणे यांना अशी तुकडी नसते. ते दोष कारखान्याच्या तारखेऐवजी जिल्ह्याप्रमाणे एकवटतात, आणि तक्रारी मोजण्याची व्यवस्था देशभराच्या विक्रीशी गुणोत्तर लावते. विदर्भातल्या मालकाला जो दोष कधी दिसणार नाही तो वेंगुर्ले ते श्रीवर्धन पट्ट्यातल्या मालकांना वारंवार दिसला, तरी एकूण आकड्यात तो किरकोळच राहण्याची शक्यता मोठी आहे.

तोडगा

कंपनीने सेन्सर आणि त्याच्या वायरची जोडणी वॉरंटीत बदलून दिली, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले, आणि क्लच संच ‘सदिच्छा म्हणून’, सुट्या भागांचे पैसे न घेता, बसवण्याची तयारी दाखवली. मजुरी मालकांनी द्यायची. दोष मान्य केल्याचा शब्द कुठेही नव्हता. मालकांनी हे स्वीकारले. आंब्याचा हंगाम संपत आला होता, पाऊस तोंडावर होता, आणि घरात दुसरी गाडी नव्हती. आयोगापुढे जाऊन प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत गाडी महिनोन्महिने उभी ठेवणे त्यांना परवडणारे नव्हते. मजुरी देण्याचे मान्य करणे मला व्यक्तिशः पटलेले नाही, कारण कोडांचा क्रम त्यांच्या बाजूचा होता आणि आणखी एका पत्रात ती सुटली असती असे वाटते.

गाडी ताब्यात देताना समाधानपत्रावर सही मागितली गेली. ‘माझ्या सर्व तक्रारींचे पूर्ण निराकरण झाले असून यापुढे याबाबत माझी कोणतीही मागणी राहणार नाही,’ असा छापील मजकूर त्यावर होता. मालकांनी तो खोडून हाताने लिहिले की सेन्सर व क्लच संच बदलून मिळाले, घाटातील चाचणी मागणी करूनही झालेली नाही, आणि हाच दोष पुन्हा आल्यास हक्क राखून ठेवला आहे. सर्व्हिस ॲडव्हायजरने आधी अशी सही चालत नाही असे सांगितले, वरिष्ठांना फोन केला, आणि तासाभराने त्याच कागदावर शिक्का मारून प्रत दिली.

नव्या सेन्सरवर आतापर्यंत एक पावसाळा गेला आहे आणि ईएससीचा दिवा पुन्हा लागलेला नाही. प्रत्येक सर्व्हिसच्या कार्डावर ‘चारही चाकांच्या सेन्सर जोडण्या उघडून तपासणे’ ही ओळ मालक स्वतः लिहून घेतात, आणि फेरीबोटीवरून आल्यावर शृंगारतळीला चाकांच्या आतल्या बाजूस गोड्या पाण्याचा फवारा मारून घेतात. रांगेत ब्रेक पूर्ण दाबून उभे राहायचे आणि पुढे पुरेशी जागा झाल्यावरच निघायचे, हे त्यांनी अंगवळणी पाडून घेतले आहे. पहिली दोन जॉब कार्डे सर्व्हिस सेंटरच्या संगणकात आजही ‘काम पूर्ण’ आणि ‘दोष आढळला नाही’ अशाच नोंदींसह आहेत. त्या दुरुस्त कराव्यात ही लेखी मागणी अनुत्तरित आहे, आणि दोन वर्षांची मुदत संपण्याआधी तिच्यासाठी आयोगाकडे जावे की नाही, यावर काका-पुतण्यांचे एकमत झालेले नाही.